पाठवलेले पूर्ण पोचले का? पुण्याहून परदेशी पैसे पाठवण्याच्या सेवांविषयी

टपाल खात्यात मी 31 वर्षे नोकरी केली आणि त्यांतील बरीचशी वर्षे पुण्यातील एका कार्यालयाच्या मनीऑर्डरच्या खिडकीमागे गेली. सदाशिव पेठेतल्या आणि नारायण पेठेतल्या खोल्यांत राहणारे विद्यार्थी महिन्याच्या पहिल्या आठवड्यात खिडकीशी येऊन घरून पैसे आले का, असे विचारत असत, आणि खाणावळीचे पैसे थकलेल्या मुलाचा चेहरा आम्हाला न सांगता ओळखू येत असे. आज माझी लेक जर्मनीत शिकते आणि पैशांची वाट पाहणारे माणूस आता माझ्या घरातले आहे. गेल्या दोन वर्षांत तिला पैसे पाठवण्यासाठी मी बँक, परवानाधारक परकीय चलन विक्रेता आणि मोबाइलवरील अ‍ॅप अशा तीन सेवा वापरल्या, आणि सिंगापूरच्या भाच्याला पैसे पाठवताना चौथी. त्यांचा हिशेब येथे मांडत आहे, कारण कोथरूड आणि एरंडवणे परिसरातील कितीतरी आईवडील आज याच कामासाठी बँकेच्या दारात उभे असतात आणि त्यांना मिळणारी माहिती बहुधा अपुरी असते. ज्या ठिकाणी मला त्रास झाला त्यांची नावे मी दिलेली नाहीत, कारण दोष एका शाखेचा कमी आणि पद्धतीचा जास्त आहे.

सेवा चांगली की वाईट हे ठरवण्याची माझी कसोटी मनीऑर्डरच्या खिडकीवरूनच आली आहे. मनीऑर्डरला दर 20 रुपयांमागे 1 रुपया कमिशन होते, म्हणजे 5 टक्के, आणि हा दर काही कमी नव्हता. परंतु ते कमिशन पाठवणाऱ्याकडून खिडकीवरच रोख घेतले जाई, त्याच्या हातात पावती पडे, आणि चिपळूणच्या किंवा बार्शीच्या घरी पोस्टमन जी रक्कम मोजून देई ती फॉर्मवर लिहिलेली असे तेवढीच असे. त्याशिवाय घेणाऱ्याची सही किंवा अंगठा असलेली पोच पाठवणाऱ्याकडे परत येत असे. खर्च किती ते आधी कळावे, रक्कम पूर्ण पोचावी आणि पोचल्याचा पुरावा मिळावा, या तीन गोष्टी एका साध्या छापील फॉर्मने सांभाळल्या होत्या. आजच्या सेवांकडून मी याहून अधिक काही मागत नाही.

पहिला अनुभव बँकेचा. लेक 2023 च्या सप्टेंबरमध्ये गेली तेव्हा जर्मनीच्या व्हिसासाठी एका वर्षाचा खर्च आधीच ‘ब्लॉक्ड’, म्हणजे दरमहा ठरावीकच रक्कम काढता येणाऱ्या, खात्यात भरावा लागत होता. त्या वर्षी ही रक्कम 11,208 युरो होती, आणि तेथे पोचल्यावर त्यातून दरमहा 934 युरो विद्यार्थ्याच्या हाती पडत. (पुढे सप्टेंबर 2024 पासून ती 11,904 युरो, म्हणजे दरमहा 992 झाली.) आमच्या बँकेच्या शाखेत त्या कामाला जवळजवळ अख्खा दिवस गेला. परकीय चलन मागण्याचा ए-2 फॉर्म, पॅन, प्रवेशपत्राची प्रत, पासपोर्टची प्रत आणि उदारीकृत प्रेषण योजनेखालील प्रतिज्ञापत्र असा तो सारा संच असतो. ही रिझर्व्ह बँकेची योजना 2004 साली 25,000 डॉलरच्या मर्यादेने सुरू झाली आणि आज एका व्यक्तीला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम तिच्याखाली पाठवता येते. कागदपत्रांबद्दल माझी तक्रार नाही; देशाबाहेर पैसा जात असताना चौकशी व्हायलाच हवी.

तक्रार आहे ती उद्देश-संकेताबद्दल. पैसे कशासाठी जात आहेत हे सांगणारा एक संकेत प्रत्येक व्यवहाराला द्यावा लागतो. शिक्षणासाठी तो एस-0305 आहे आणि नातेवाइकांच्या निर्वाहासाठी एस-1301. पैसे घेणारी व्यक्ती मुलगी आहे एवढे पाहून खिडकीवरच्या कर्मचाऱ्याने दुसरा संकेत लिहिला होता. त्या महिन्यात त्याने फारसा फरक पडला नसता. पण ऑक्टोबर 2023 पासून एका ठरावीक मर्यादेवरच्या रकमेवर पैसे पाठवतानाच बँक गोळा करते तो कर, ज्याला सगळे टीसीएस म्हणतात, तो शिक्षणासाठी 5 टक्के आणि निर्वाहासाठी 20 टक्के झाला. मर्यादा तेव्हा 7 लाख रुपये होती, 1 एप्रिल 2025 पासून ती 10 लाख झाली आणि बँकेच्या शैक्षणिक कर्जातून जाणाऱ्या रकमेवरचा हा कर तेव्हापासून रद्द झाला. हा कर विवरणपत्र भरल्यावर वळता होतो किंवा परत मिळतो, तो बुडत नाही. आमचे त्या पहिल्या खेपेचे साडेसोळा हजार रुपये पुढच्या वर्षी परत आलेही. परंतु चुकीच्या संकेतामुळे कितीतरी पट रक्कम वर्षभर अडकून राहू शकते, आणि निवृत्तिवेतनावर घर चालवणाऱ्याला ते परवडणारे नाही. फॉर्मवर सही करण्यापूर्वी हा संकेत स्वतः वाचावा, हे मी प्रत्येकाला कळकळीने सांगते.

मे 2025 मध्ये त्याच बँकेतून मी 3,000 युरो पाठवले आणि या वेळी मनीऑर्डरच्या खिडकीवर बसल्यासारखा एकेक रुपया वहीत मांडला. बँकेने 1,000 रुपये शुल्क आणि त्यावर 180 रुपये जीएसटी घेतला, आणि खर्च एवढाच आहे असे मला सांगण्यात आले. प्रत्यक्षात बँकेने लावलेला युरोचा दर त्या दिवशीच्या बाजारातील दरापेक्षा 2 रुपये 10 पैशांनी जास्त होता, म्हणजे 3,000 युरोंवर 6,300 रुपये. चलन बदलण्यावर वेगळा जीएसटी असतो, तो साडेतीनशेच्या आसपास झाला. आणि तीन दिवसांनी लेकीचा फोन आला, “आई, 2,979 आलेत.” वाटेत 21 युरो, म्हणजे सुमारे दोन हजार रुपये, कोणीतरी कापून घेतले होते. एकूण खर्च 9,800 रुपयांच्या पुढे गेला, सुमारे 3.4 टक्के. त्यातला मला आधी सांगितलेला भाग आठव्या हिश्श्याइतका होता.

ते 21 युरो कोणी घेतले याचा शोध घेताना मला या व्यवस्थेची खरी रचना कळली, आणि ती मनीऑर्डरपेक्षा फार वेगळी नाही. मनीऑर्डरमध्ये नोट प्रवास करत नसे. पुण्यात भरलेली रोकड पुण्यातच राही. प्रवास करीत असे तो निरोप, आणि पोस्टमन त्याच्या गावच्या कार्यालयातील रोकडीतून पैसे देई. परदेशी पैसे पाठवताना ज्या स्विफ्टचे नाव घेतले जाते तीही निरोप पोचवणारीच संस्था आहे. ती 1973 साली स्थापन झाली, तिचे मुख्य कार्यालय बेल्जियममधील ला हुल्प येथे आहे आणि 200 हून अधिक देशांतील 11,000 च्या वर वित्तसंस्था तिच्याद्वारे एकमेकींना संदेश पाठवतात. पैसा मात्र बँकांनी एकमेकींकडे उघडून ठेवलेल्या खात्यांतून इकडचा तिकडे होतो. आपल्या बँकेचे खाते लेकीच्या जर्मन बँकेत नसेल तर दोघींची खाती असलेली तिसरी बँक मध्ये येते, आणि ती आपली मजुरी जाणाऱ्या रकमेतून काढून घेते. मनीऑर्डरची दोन्ही टोके एकाच टपाल खात्याची होती म्हणून वाटेत हात घालणारा कोणी नव्हता. येथे एका निरोपाचे तीन मालक असतात.

यावर उपाय आहे, आणि तो फॉर्मवर छापलेला असतो. परदेशी शुल्क कोणी सोसायचे यासाठी ‘अवर’, ‘शा’ आणि ‘बेन’ असे तीन पर्याय दिलेले असतात. ‘अवर’ म्हणजे सगळा खर्च पाठवणाऱ्याचा, ‘शा’ म्हणजे वाटून आणि ‘बेन’ म्हणजे घेणाऱ्याचा. माझ्या फॉर्मवर ‘शा’पुढे खूण आधीच करून ठेवलेली होती. त्याविषयी मला कोणी विचारले नाही, आणि मीही विचारले नाही. विद्यापीठाचे शुल्क भरताना 21 युरो कमी पोचले तर शुल्क अपुरे धरले जाते, त्यामुळे ही खूण किरकोळ समजू नये.

दुसरा अनुभव ऑगस्ट 2025 मधला, फर्ग्युसन रस्त्यावरच्या एका चलन विक्रेत्याचा. रिझर्व्ह बँकेचा परवाना असलेले असे विक्रेते सहलीसाठी नोटा आणि कार्डे देतात तसेच शिक्षणासाठी परदेशी रक्कमही पाठवतात. पैसे रोख द्यायचे नसतात, आपल्या बँक खात्यातूनच भरायचे असतात, आणि कागदपत्रे बँकेतल्यासारखीच लागतात. मला येथे सर्वांत आवडली ती गोष्ट म्हणजे दर बोलून ठरवता येतो. आधी त्यांनी बाजारातील दरापेक्षा 90 पैसे जास्त सांगितले. मी दुसऱ्या दोन ठिकाणचे दर लिहून नेले होते, ते पुढे ठेवले, आणि दोन चहांच्या अवधीत 90 चे 60 पैसे झाले. 30 पैसे ऐकायला क्षुल्लक वाटतात, पण 3,000 युरोंवर ते 900 रुपये होतात, आणि लेकीच्या गावात तेवढ्यात तिचा काही दिवसांचा भाजीपाला येतो.

खिडकीवरच्या मुलाचे काम पाहून मला माझे जुने दिवस आठवले. युरोपातील बँक खात्याला आयबान नावाचा लांब क्रमांक असतो. जर्मनीचा 22 अक्षरांचा, सुरुवातीला डी-ई आणि त्यापुढे सगळे अंक. त्याने तो फॉर्मवरून उतरवून घेतला नाही. “काकू, चार-चार करून मोठ्याने वाचा,” असे म्हणून त्याने मला पाच चौकड्या आणि शेवटची जोडी वाचायला लावली, स्वतः टाइप केली आणि मग त्याच क्रमाने मला वाचून दाखवली. डी-ई नंतरचे दोन अंक हे तपासणीचे अंक असतात, आणि पुढचा एखादा अंक चुकला तर गणित जुळत नाही व यंत्र तो क्रमांक नाकारते. तरीही त्याने वाचून घेतले. दुसऱ्याचा पैसा हाताळताना अशी सवय लागते, आणि ती मला फार मोलाची वाटते.

तेथील हिशेब असा झाला. दरातील फरक 1,800 रुपये, सेवाशुल्क करासह 885, चलन बदलण्यावरचा जीएसटी सुमारे 365 आणि पूर्ण रक्कम पोचवण्यासाठी, म्हणजे ‘अवर’साठी, 1,200. बेरीज 4,250 रुपये, म्हणजे बँकेच्या निम्म्याहून कमी, आणि हा आकडा पैसे भरण्यापूर्वी माझ्या हातात कागदावर होता. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लेकीच्या खात्यात बरोबर 3,000 युरो जमा झाले. स्विफ्टच्या व्यवहाराला 36 अक्षरांचा एक मागोवा-क्रमांक असतो, तोही त्यांनी मागितल्यावर लगेच दिला; बँकेत त्यासाठी मला दोनदा अर्ज करावा लागला होता. उणीव एवढीच की हे काम प्रत्येक वेळी समक्ष जाऊन करावे लागते आणि त्या रस्त्यावर गाडी लावायला जागा मिळत नाही.

अ‍ॅपचा अनुभव संमिश्र आहे. लेकीचा लॅपटॉप बिघडला तेव्हा घाईने 500 युरो पाठवायचे होते. अ‍ॅपने बाजारातील दर आणि आपले शुल्क वेगवेगळे दाखवले आणि घेणाऱ्याला नेमके किती मिळतील तो आकडा सर्वांत मोठ्या अक्षरांत दाखवला. ही पद्धत मला अत्यंत योग्य वाटते. बँकांनीही असेच करावे. करांसह खर्च 900 रुपयांच्या आसपास आला. परंतु पैसे चार दिवस अडकले, आणि कारण अस्सल मराठी होते. दहावीच्या गुणपत्रिकेपासून आपल्याकडे आडनाव, नाव, वडिलांचे नाव या क्रमाने लिहिण्याची सवय असते. तिच्या पासपोर्टवर मात्र आडनाव वेगळ्या रकान्यात आणि तिचे व वडिलांचे नाव एकत्र दुसऱ्या रकान्यात आहे, आणि जर्मन बँकेने खाते त्याप्रमाणेच उघडले आहे. मी अ‍ॅपमध्ये सवयीने आडनाव आधी लिहिले आणि वडिलांचे नाव गाळले. नावे जुळत नाहीत म्हणून व्यवहार थांबला. चूक माझीच होती, हे मान्य आहे. पण ती दुरुस्त कशी करायची हे विचारल्यावर चार दिवस तीच ठरावीक वाक्ये उत्तर म्हणून येत राहिली आणि बोलायला माणूस मिळाला नाही. ते चार दिवस लेक ग्रंथालयातील संगणकावर काम करीत होती. तेव्हापासून मी तिच्या बँक कार्डावरील नाव अक्षरशः उतरवून वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले आहे.

चौथी सेवा सर्वांत छोटी आणि सर्वांत निर्दोष. दिवाळीला सिंगापूरच्या भाच्याला 3,000 रुपये पाठवले ते आपल्या यूपीआयवरून. यूपीआय आणि सिंगापूरची पे-नाऊ ही व्यवस्था 21 फेब्रुवारी 2023 रोजी जोडली गेली. भाच्याचा तिकडचा मोबाइल क्रमांक टाकला, उद्देश ‘भेट’ निवडला, किती सिंगापूर डॉलर मिळतील ते पडद्यावर दिसले, आणि पिन टाकल्यावर मिनिटभरात त्याचा “मावशी, मिळाले!” असा निरोप आला. दिवसाला 60,000 रुपयांची मर्यादा आहे आणि सर्व बँकांत ही सोय नाही, त्यामुळे आपल्या बँकेच्या अ‍ॅपमध्ये ती आहे का हे आधी पाहावे. माझ्या तिन्ही अटी जिने पूर्ण केल्या अशी ही एकमेव सेवा. पोचसुद्धा पैशांच्या पाठोपाठ आली.

लेकीच्या घरात चार देशांच्या मुली एकत्र राहतात आणि स्वयंपाकघरातील खर्च वाटून घेतात, त्यामुळे प्रत्येक देशाची तऱ्हा मला तिच्याकडून कळते. ऑक्टोबर 2025 पासून जर्मनीसह युरो वापरणाऱ्या देशांतील बँकांना 10 सेकंदांत रक्कम पोचवण्याची सोय देणे बंधनकारक आहे, तेही नेहमीच्या व्यवहारापेक्षा जास्त शुल्क न घेता. ब्राझीलच्या मुलीकडे तिच्या मध्यवर्ती बँकेने नोव्हेंबर 2020 मध्ये सुरू केलेली, तत्काळ पैसे पाठवण्याची पिक्स ही व्यवस्था आहे. केनियाच्या मुलीच्या घरी 2007 पासून चालत आलेले एम-पेसा आहे. त्यातला ‘पेसा’ म्हणजे आपलाच पैसा. हा शब्द हिंदी महासागर ओलांडून स्वाहिलीत गेला आणि तेथे त्याचा अर्थ सरसकट धन असा झाला. साध्या फोनवरून, इंटरनेटशिवाय, गावच्या दुकानदाराकडे रोख भरून किंवा घेऊन ही व्यवस्था चालते, आणि एकेकाळी मनीऑर्डरची खिडकी जे काम करी तेच ती तिथल्या खेड्यांत करते. प्रत्येक देशाने आपल्या अंगणातला रस्ता असा गुळगुळीत करून घेतला आहे. पण या मुलींनी देशाबाहेर घरी पैसे पाठवायचे किंवा त्यांना घरून यायचे म्हटले की माझ्या वाटणीला आले तेच येते: तीन मालकांचा निरोप, दरातली कपात आणि वाटेतली वजावट.

मी तरी विद्यार्थिनीची आई आहे. मस्कत आणि दुबईहून रत्नागिरीला पैसे पाठवणारा कामगार याच टक्केवारीत जास्त भरडला जातो. जगात सर्वाधिक रक्कम बाहेरून भारतात येते, वर्षाला 100 अब्ज डॉलरहून अधिक. स्थलांतरितांनी घरी पाठवलेल्या पैशांवरचा खर्च 2030 पर्यंत 3 टक्क्यांच्या खाली आणण्याचे संयुक्त राष्ट्रांचे उद्दिष्ट आहे, आणि जगाची सरासरी अजून त्याच्या दुपटीच्या आसपास आहे. नोकरीच्या शेवटच्या वर्षांत परदेशातून पैसे पाठवण्याच्या वेस्टर्न युनियन या सेवेचे 10 अंकी क्रमांक घेऊन खिडकीशी येणाऱ्या आयाबाया मी पाहिल्या आहेत. एका वेळी 2,500 डॉलर, वर्षाला 30 वेळा आणि रोखीने 50,000 रुपयांपर्यंत, असे त्या सेवेचे नियम आहेत. किती डॉलरचे किती रुपये झाले हे त्यांच्यापैकी फार थोड्या जणी विचारत, आणि विचारण्याची सवय आम्हीही त्यांना लावली नाही, याचे मला आज वाईट वाटते.

नोव्हेंबर 2025 मध्ये रिझर्व्ह बँकेने युरोपीय मध्यवर्ती बँकेच्या टिप्स या तत्काळ देयक व्यवस्थेशी यूपीआय जोडण्याचे काम पुढच्या टप्प्यात गेल्याचे जाहीर केले. ती जोड झाली तर भाच्याला पाठवते तसे लेकीला पाठवता येईल, आणि त्या दिवसाची मी मनापासून वाट पाहत आहे. तोपर्यंत मोठी रक्कम फर्ग्युसन रस्त्यावरूनच जाईल. बँकेकडे मी जाणार ती फक्त दर लेखी द्यायला आणि ‘अवर’ची खूण मला विचारून करायला ती तयार असेल तर. लेकीला मी एक काम लावून दिले आहे. रक्कम जमा झाली की खात्याच्या उताऱ्यातील ती एक ओळ तिने छायाचित्र काढून पाठवायची, आणि मी ती छापून त्या व्यवहाराच्या पावतीमागे टाचून ठेवते. शेवटच्या पावतीमागे असलेल्या कागदावर तिने पेनाने खाली सहीही केली आहे.